आधी पिशवीचे तोंड मिलिमीटरमध्ये मोजा, मग टाक्याचे ठरवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या अहवालात बाळाच्या डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी अगदी मिलिमीटरपर्यंत लिहिलेली असते. त्याच कागदावर गर्भाशयमुखाबद्दल मात्र पुष्कळदा ‘सर्व्हिक्स नॉर्मल’ (मुख ठीक) किंवा ‘ओएस क्लोज्ड’ (तोंड बंद) एवढेच दोन शब्द असतात. बाळ दिवस भरेपर्यंत आत टिकणार की सहाव्या-सातव्या महिन्यात काचपेटीत जाणार, हे ज्या तीन-साडेतीन सेंटिमीटरांच्या नळीवर बऱ्याच अंशी ठरते, तिची लांबी कुठेच नसते. मग पुढचे दोन्ही निर्णय अंदाजाने होतात. कुणाला गरज नसताना ‘पिशवीचे तोंड सैल आहे’ म्हणून टाका पडतो, म्हणजे ते तोंड बंद राहावे म्हणून त्याभोवती धागा किंवा पट्टी आवळली जाते, तर जिला खरोखर हवा असतो तिचे तोंड उघडल्याचे पाणमोट फुटल्यावर कळते. हा प्रश्न भूमिती, प्रजननशास्त्र आणि शस्त्रक्रिया या तिन्ही विषयांत एकदमच पाय ठेवून उभा आहे, आणि तिघांपैकी एकाला वगळले की तो चुकतो. म्हणून हे सविस्तर पत्र.

हा टाका मुळात आपल्याकडचा आहे. गोव्यातल्या शिरोड्याला १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. चौथ्या ते सहाव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भ पडणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी १९५५ साली ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. त्यांनी पट्टी वापरली ती त्याच स्त्रीच्या मांडीतल्या स्नायूवरच्या पांढऱ्या, चिवट आवरणाची, म्हणजे फॅशिया लाटाची. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आजही तो ‘शिरोडकर टाका’ म्हणूनच शिकवला जातो. त्यांचे मर्म पट्टीत नव्हते, जागेत होते. टाका नळीच्या आतल्या तोंडाच्या पातळीवर बसला पाहिजे, आणि तिथे पोचायचे तर पुढून मूत्राशय वर सरकवला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. दोन वर्षांनी, १९५७ साली, मेलबर्नच्या इयन मॅक्डॉनल्ड यांनी मूत्राशय न सरकवता बटव्याच्या नाडीसारखा घालायचा सोपा टाका दाखवला. आज बहुतेक ठिकाणी तोच घालतात.

आता अवयवाकडे पाहू. गर्भाशयाची पिशवी स्नायूंची असते, पण तिचे मुख मुख्यतः कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या धाग्यांचे असते, स्नायू त्यात थोडाच. एरवी ते बोटाला नाकाच्या शेंड्यासारखे लागते, गरोदरपणात ओठासारखे. धाग्यांना एकमेकांशी बांधणारे दुवे कमी होत जातात, मध्ये पाणी शिरते, आणि ओल्या सुंभाचा पीळ सुटावा तशी वीण सैल होते. हे व्हावेच लागते. जी नळी नऊ महिने बंद राहायची, तीच प्रसूतीच्या वेळी काही तासांत दहा सेंटिमीटर उघडायची असते. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक या सैल होण्याला आवर घालते. दोष असतो तो वेळेचा. तेच सैल होणे विसाव्या आठवड्यात झाले, तर कळा न येता, दुखल्याशिवाय तोंड उघडते. बाईला फार तर ओटीपोटात जडपणा, कंबरेत बारीक दुखणे, थोडा चिकट स्राव जाणवतो. ‘उष्णता असेल’ म्हणून तिकडे दुर्लक्ष होते.

नळी उघडते ती आतून बाहेर. सोनोग्राफीत तिचे चार आकार दिसतात आणि ते लक्षात ठेवायला चार इंग्रजी अक्षरे पुरतात. बंद नळी पिशवीच्या तळाला टी सारखी मिळते. आतले तोंड किंचित फाकले की वाय, ते फाकणे नरसाळ्यासारखे खोल गेले की व्ही, आणि पाणपिशवी नळीत गोल उतरली की यू. बाहेरून बोटाने तपासणाऱ्याला यू होईपर्यंत तोंड बंदच लागते. म्हणून ‘ओएस क्लोज्ड’ या शब्दांवर विसंबून चालत नाही.

उघडणे एकदा सुरू झाले की वेग का घेते, हे शाळेतल्या गणिताने दाखवता येते. विसाव्या आठवड्यात आतल्या तोंडावर पाण्याचा सुमारे २० सेंटिमीटरांचा स्तंभ धरा आणि बाहेरून काही आधार नाही असे समजा. तोंडाचा व्यास १ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे त्यावर भार जवळपास १६ ग्रॅम. व्यास २ सेंटिमीटर झाला की भार ६३ ग्रॅम. व्यास दुप्पट, भार चौपट. प्रत्यक्षात ऊती ताणल्या जातात, पोटातला दाब खोकल्याबरोबर बदलतो, तेव्हा हे गणित अगदी साधे करून मांडलेले आहे. पण आतल्या तोंडाजवळचा एकेक मिलिमीटर वाचवण्याला एवढे महत्त्व का, ते त्यातून कळते. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या क्रिस्टिन मायर्स आणि टफ्ट्सचे मायकेल हाउस यांनी हेच संगणकावर, गरोदर स्त्रियांच्या सोनोग्राफीतली व एमआरआयमधली मापे घेऊन, पूल किंवा धरणाची भिंत तपासतात त्या पद्धतीने मांडले आहे. ताण कुठे साचतो हे नळीची लांबी, भिंतीची जाडी, कोन आणि ऊतीचा मऊपणा या सगळ्यांवर मिळून ठरते. नुसती लांबी पुरत नाही. पण दवाखान्यात खात्रीने मोजता येते ती लांबीच, म्हणून ती तरी नीट मोजावी.

किती असावी? १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात २,९१५ गरोदर स्त्रियांची मापे घेतली होती. चोविसाव्या आठवड्यात सरासरी सुमारे ३५ मिमी निघाली. सर्वांत लांब मुख असलेल्या पाव हिश्श्याशी तुलना केली, तर २६ मिमी किंवा त्याहून कमी लांबी असलेल्यांत पस्तीस आठवड्यांआधी प्रसूती होण्याचा धोका सुमारे सहापट होता, आणि १३ मिमीपर्यंतच्यांत सुमारे चौदापट. २५ मिमी ही व्यवहारातली रेषा अशा अभ्यासांतून आली आहे. ती काही भिंत नव्हे. २६ वाली सुरक्षित आणि २४ वाली संकटात, असे तिचे वाचन करू नये.

मोजणी चुकते ती ठरावीक जागी. पोटावरून पाहायचे तर मूत्राशय भरलेला लागतो, आणि भरलेला मूत्राशय पुढची-मागची भिंत दाबून मुख लांब दाखवतो, नरसाळे मिटवूनही टाकतो. म्हणून माप योनीमार्गे, बायका ज्याला ‘आतून सोनोग्राफी’ म्हणतात तिने, आणि लघवी करून आल्यावर घ्यायचे. तपासणी का आणि कशी होणार हे आधी सांगावे, संमती घ्यावी, सोबत बाई असावी. प्रोबवर, म्हणजे सोनोग्राफीच्या दांडीवर, कंडोम आणि जेल लावून तो मुखाच्या पुढे योनीत असलेल्या खाचेपर्यंत न्यावा, चित्र स्पष्ट झाले की किंचित मागे घ्यावा. घाईत इथेच चूक होते. प्रोब दाबून धरला की मुख चेपले जाऊन लांब होते. दाब नाही याची खूण चित्रातच असते: मुखाचा पुढचा आणि मागचा ओठ सारख्याच जाडीचे आणि सारख्याच करडेपणाचे दिसले पाहिजेत. पुढचा ओठ पातळ दिसला तर हात सैल करा. मुखाने पडद्याचा निदान अर्धा, शक्यतो पाऊण भाग व्यापेल एवढे चित्र मोठे करा, आतले तोंड, बाहेरचे तोंड आणि नळीची अख्खी रेघ एकाच चित्रात आणा, मग कॅलिपर, म्हणजे पडद्यावरच्या मोजणीच्या दोन खुणा, ठेवा. तीन मापे घ्या आणि चांगल्या चित्रांपैकी सर्वांत लहान माप लिहा. या सगळ्याला तीन ते पाच मिनिटे द्यावीत, कारण आतले तोंड मिनिटामिनिटाला बदलू शकते. शेवटी पोटावर पिशवीच्या माथ्याशी हाताने पंधराएक सेकंद हलका दाब देऊन पुन्हा पाहावे. आतून फाकत असेल तर ते तेव्हा दिसते. उलट पिशवीचा खालचा भाग आकसलेला असेल तर नरसाळ्याचा भास होतो. थोडे थांबून पुन्हा मोजले की तो जातो. चौदा आठवड्यांच्या आत मोजण्यात अर्थ कमी, कारण पिशवीचा खालचा भाग अजून तयार झालेला नसतो आणि तोही मुखातच मोजला जातो. सोळा ते चोवीस आठवडे हा या मापाचा खरा काळ.

एक प्रश्न थेट भूमितीचा आहे. नळी वाकडी असेल तर काय मोजायचे? कॅलिपर दोन टोके सरळ जोडतो, म्हणजे कंस सोडून जीवा मोजतो. चौथाई वर्तुळाएवढी वाकलेली नळी घेतली तर तिची जीवा कंसाच्या ९० टक्के भरते. नळी खरी २७ मिमी असताना आकडा येतो २४.३, आणि बाई रेषेच्या अलीकडची पलीकडे जाते. काही जण अशा वेळी दोन सरळ तुकडे मोजून बेरीज करतात. यात भीतीचे कारण नाही, कारण मुख खरेच आखूड होते तेव्हा ते सरळही होते, वाकडी नळी ही सहसा पुरेशी लांब नळी असते. मात्र यावेळी जीवा आणि दोन आठवड्यांनी दोन तुकडे, असे झाले की तुलना खोटी ठरते. कोणती पद्धत वापरली हे अहवालात लिहावे आणि पुढच्या वेळी तीच वापरावी.

आकडा हातात आल्यावर वाटा वेगळ्या होतात. पोटात एकच बाळ आहे, आधी कधी वेळेपूर्वी प्रसूती झालेली नाही आणि मुख आखूड आढळले, तर पहिला उपाय टाका नसून प्रोजेस्टेरॉन आहे. २००७ सालच्या चाचणीत १५ मिमी किंवा त्याहून आखूड मुख असलेल्या २५० स्त्रिया होत्या. रोज रात्री योनीमार्गे २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल घेणाऱ्यांत चौतीस आठवड्यांआधी प्रसूतीचे प्रमाण १९.२ टक्के होते, नुसती दिसायला तशी कॅप्सूल घेणाऱ्यांत ३४.४. पण जिची आधी वेळेपूर्वी प्रसूती झाली आहे आणि आता चोवीस आठवड्यांच्या आत मुख २५ मिमीच्या खाली गेले आहे, तिला टाक्याचा खरा उपयोग होतो. पाच चाचण्यांमधल्या ५०४ स्त्रियांच्या एकत्रित विश्लेषणात पस्तीस आठवड्यांआधीच्या प्रसूती ४१.३ टक्क्यांवरून २८.४ टक्क्यांवर आल्या. अशा स्त्रीला सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी मोजत राहणे हाच मार्ग. तीन किंवा अधिक वेळा असा गर्भ गेला असेल, तर मुख आखूड व्हायची वाट न पाहता बारा ते चौदा आठवड्यांत टाका घालतात, तोही बाळाची पहिली मोठी सोनोग्राफी नीट आल्यावरच.

बाकीच्यांना टाका घालून फारसे साधत नाही. नक्की गरज आहे की नाही याबद्दल डॉक्टर साशंक होते अशा १,२९२ स्त्रियांवर झालेल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तेहतीस आठवड्यांआधीच्या प्रसूती १७ वरून १३ टक्क्यांवर आल्या. म्हणजे पंचवीस जणींना टाका घालावा तेव्हा एकीची वेळेआधीची प्रसूती टळते, आणि बाळंतपणानंतरचा ताप टाका घातलेल्यांत दुप्पट. जुळ्यांत तर केवळ मुख आखूड दिसले म्हणून घातलेल्या टाक्याने प्रसूती आणखी लवकर झाल्याचे २००५ च्या विश्लेषणात दिसले. स्त्रियांची संख्या लहान होती, पण जुळी आहेत म्हणून सरसकट टाका घालण्याला तेवढाही आधार नाही. पलंगाचे पायथे विटांवर चढवून महिनोन् महिने झोपवून ठेवण्याने दिवस लांबतात असा पुरावा नाही, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मात्र वाढतो.

टाका घालताना काय घडते, हे घरच्यांना ठाऊक असावे. कमरेत इंजेक्शन देऊन भूल, मूत्राशय रिकामा. मुखाचा व्यास ३ सेंटिमीटर धरला तर परीघ साडेनऊ सेंटिमीटरांच्या आसपास. त्यावर चार ते सहा ठिकाणी सुई आत-बाहेर काढत फेरा पूर्ण करतात. घड्याळाच्या तबकडीवर ३ आणि ९ च्या जागी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या असतात, त्या टाळायच्या. सुई ऊतीत पुरेशी खोल हवी, नाहीतर पट्टी कापत बाहेर येते. पण नळीत शिरता कामा नये, नाहीतर पाणपिशवीला भोक पडते. गाठ साधारण बाराच्या जागी, आणि टोके लांब ठेवलेली, म्हणजे छत्तीस-सदतीस आठवड्यांत काढताना सापडतात. शिरोडकर पद्धतीत ५ मिमी रुंदीची टेप मूत्राशयाच्या मागे, वर बसते. धागा एकपदरी की विणलेला हा वाद ब्रिटनमधल्या २,०४९ स्त्रियांच्या चाचणीने २०२२ मध्ये बराचसा मिटवला: गर्भ किंवा बाळ दगावण्याचे प्रमाण ८.० आणि ७.६ टक्के, म्हणजे फरक नाही. धाग्यापेक्षा उंची पाहा. बाहेरच्या तोंडापासून दोनएक सेंटिमीटर वर टाका बसला का, हे शस्त्रक्रियेच्या नोंदीत लिहा. ताप, रक्तस्राव, सुरू झालेल्या कळा किंवा फुटलेली पाणमोट असताना टाका घालायचा नसतो. घातल्यानंतर कळा सुरू झाल्या तर तो ताबडतोब काढायचा, नाहीतर मुख फाटते. ‘टाका आहे, आता काळजी नाही’ म्हणून कळा अंगावर काढणे घातक.

खालून घातलेला टाका आधी अपयशी ठरला असेल तर दुर्बिणीतून पोटामार्गे टाका घालता येतो, शक्यतो दिवस राहण्याआधी. ब्रिटनमधल्या २०२० सालच्या चाचणीत अशा १११ स्त्रिया होत्या. बत्तीस आठवड्यांआधीच्या प्रसूती पोटातून टाका घातलेल्यांत ८ टक्के, खालून उंच टाका घातलेल्यांत ३८ आणि खालून नेहमीचा टाका घातलेल्यांत ३३ टक्के. फरक मोठा आहे, आणि खालूनच घालायचा तर उंच टाक्याने काही जास्त मिळाले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ही शस्त्रक्रिया म्हणजे निव्वळ उपयोजित भूमिती. पोटाच्या भिंतीतले छिद्र तरफेचा टेकू होते: हात उजवीकडे गेला की टोक डावीकडे जाते, आणि अवजार बाहेर १० व आत २० सेंटिमीटर असेल तर टोक हाताच्या दुप्पट हलते. छिद्रांच्या जागा चुकल्या तर दोन अवजारे एकमेकांत अडकतात. टेप जायची ती रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूने, मुख आणि पिशवी यांच्या सांध्यावर. वाकडी सुई तिच्याच वर्तुळाच्या कंसावरून फिरवावी लागते. सरळ ढकलली की ती भोक रुंद करते किंवा शिरेत घुसते. यानंतर प्रसूती सिझेरियननेच होते, आणि मधल्या महिन्यांत गर्भ दगावला तर तो टाका कापण्यासाठी पुन्हा पोटात जावे लागू शकते. हे आधी समजावून सांगितलेच पाहिजे.

भूमिती एकटी किती फसवू शकते, त्याचाही दाखला आहे. पिशवीची पुढची भिंत आणि मुखाची नळी यांच्यातला कोन लघु असेल तर भार तोंडावर सरळ न येता भिंतीवर टेकतो. २०१६ सालच्या अभ्यासात ९५ अंशांच्या पुढचा कोन सदतीस आठवड्यांआधीच्या आणि १०५ च्या पुढचा चौतीस आठवड्यांआधीच्या प्रसूतीशी जोडलेला आढळला. मग मुखाभोवती सिलिकॉनचे कडे बसवून तो कोन बदलायचा, ही कल्पना सुंदरच होती. कापायचे काही नाही, शिवायचे काही नाही. पण अमेरिकेत २० मिमी किंवा त्याहून आखूड मुख असलेल्या ५४४ स्त्रियांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. वेळेआधीची प्रसूती किंवा गर्भ दगावणे दोन्ही गटांत ४५ टक्क्यांच्या वरच, आणि बाळ दगावण्याचे प्रमाण कडे बसवलेल्यांत १३.३ टक्के, न बसवलेल्यांत ६.८. चाचणी मध्येच थांबवावी लागली. कोन बदलता येतो, पण मऊ पडलेली ऊत त्याने घट्ट होत नाही.

म्हणूनच हे काम तिन्ही विषयांनी एकत्र बसून करायचे आहे. मुंबईत परळला प्रजनन आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, पवईला आयआयटी आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत रोज शेकडो गरोदर स्त्रियांची तपासणी होते. आपल्याकडच्या स्त्रियांची उंची, वजन, रक्तक्षय, बाळंतपणांतले अंतर वेगळे, आणि वर दिलेले बहुतेक आकडे परक्या देशांतले आहेत. स्त्रीची संमती घेऊन, तिची ओळख पटेल असा तपशील वगळून, एकाच पद्धतीने काढलेली चित्रे या तिन्ही ठिकाणी मिळून अभ्यासली तर आपल्या मापांची स्वतःची सारणी तयार होईल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, आतून पाहायचा प्रोब बहुतेक सोनोग्राफी केंद्रांत आहेच.

तोवर सोनोग्राफी करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना कळकळीची विनंती, की अठरा ते बावीस आठवड्यांच्या अहवालात ‘सर्व्हिक्स नॉर्मल’ खोडून तिथे अशी एक ओळ लिहावी: ‘गर्भाशयमुख आतून मोजले, मूत्राशय रिकामा, तीनपैकी सर्वांत लहान माप ३१ मिमी, सरळ रेषेत, आतले तोंड टी आकाराचे, माथ्यावर दाब देऊनही बदल नाही.’ आणि गरोदर स्त्रीने, तिच्या आईने, सासूने अहवाल हातात पडताच हा आकडा शोधावा. नसेल तर परत जाऊन विचारावा.

आपले,
स्त्रीरोगशास्त्र आणि उपयोजित गणित या विषयांचे अध्यापक, मुंबई